सामी संस्कृती, धर्म आणि इतिहास माध्यमिक शाळेत: पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

नॉर्वे-स्वीडनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं आठवीत गेली की दप्तरातून सामी लोकांविषयीचे धडे घरी येऊ लागतात. आईबाबा स्वतः हे कधी शिकलेले नसतात, त्यामुळे गृहपाठाला मदत करताना अडखळतात. मी नॉर्वेतल्या माध्यमिक शाळेत समाजशास्त्र आणि धर्म हे विषय शिकवते. पालकसभेत, फोनवर आणि मंडळाच्या गणेशोत्सवात मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. महाराष्ट्रातल्या काही शिक्षकांचेही प्रश्न आहेत. भर नॉर्वेवर आहे, कारण सर्वांत जास्त सामी लोक तिथे राहतात आणि तिथला अभ्यासक्रम माझ्या रोजच्या कामाचा आहे.

सामी लोक नेमके कोण आणि कुठले?

नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडचा उत्तर भाग आणि रशियाचं कोला द्वीपकल्प मिळून जो पट्टा होतो, त्याला सामी लोक साप्मी म्हणतात. आजच्या देशांच्या सीमा आखल्या जाण्याच्या कितीतरी आधीपासून ते इथे राहतात. संख्येचे अंदाज साधारण ८० हजार ते १ लाखाच्या आसपास असतात. निश्चित आकडा मिळत नाही, कारण नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या जनगणनेत वंशाची नोंद होत नाही.

एकच सामी भाषा आहे असंही नाही. उत्तर सामी, लुले सामी, दक्षिण सामी, इनारी सामी, स्कोल्ट सामी अशा अनेक भाषा आहेत. दोन टोकांच्या भाषा बोलणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. या भाषा फिनिशच्या दूरच्या नात्यातल्या आहेत, नॉर्वेजियन किंवा स्वीडिशच्या नाहीत. ओस्लोतसुद्धा बरेच सामी राहतात. ते डॉक्टर असतात, बसचालक असतात, आणि तुमच्या मुलाच्या वर्गातही असू शकतात.

मुलगा सांगतो, "सगळे सामी रेनडिअर पाळतात." हे खरं आहे का?

नाही. आणि धडा शिकवून झाल्यावर मुलांच्या डोक्यात फक्त हेच उरतं, याचं मला फार वाईट वाटतं. नॉर्वेत रेनडिअरपालन करणारे सामी साधारण दहातले एक असतील. किनाऱ्यावरचे सागरी सामी शतकानुशतकं मासेमारी आणि थोडी शेती करून जगले. नदीकाठचे सामी सॅल्मन मासा पकडत. गाक्ती, म्हणजे रंगीत पट्ट्यांचा पारंपरिक पोशाख, घातलेला माणूस बर्फात रेनडिअरसोबत उभा आहे, हे चित्र पाठ्यपुस्तकांत इतकं रुजलं आहे, की सागरी सामींच्या मुलांनाच आपण 'खरे' सामी आहोत की नाही अशी शंका येते.

रेनडिअरपालनाचं महत्त्व मात्र संख्येवर मोजू नये. भाषा, कायदा, जमिनीवरचा हक्क, हस्तकला हे सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. वसंतात जन्मलेली पिल्लं उन्हाळ्यात ओळखून त्यांच्या कानांवर कापून खूण केली जाते. दोन्ही कानांवरच्या कापांचा मेळ म्हणजे त्या कुटुंबातल्या त्या माणसाची नोंदणीकृत मालकी. लहान मुलांच्या नावावरही खूण असते. धावत्या कळपात क्षणभर दिसलेल्या कानावरून मालक ओळखणारी माणसं मी पाहिली आहेत. हे ज्ञान किती काटेकोर आहे, ते मुलांना असं दाखवलं की पटतं.

आमच्या गावात एकही सामी कुटुंब नाही. मग मुलांनी हे का शिकायचं?

कारण हा नॉर्वेचा इतिहास आहे. १९९७ साली राजे हाराल्ड यांनी सामी संसदेत, म्हणजे सामींनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या सभागृहात, सांगितलं, की नॉर्वेचं राज्य दोन लोकांच्या भूमीवर उभं आहे, नॉर्वेजियनांच्या आणि सामींच्या. आणि राज्याने सामींवर केलेल्या अन्यायाबद्दल त्यांनी माफी मागितली. २०२० साली लागू झालेल्या अभ्यासक्रमात सामी वारसा हा देशाचा वारसा आहे असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून दक्षिणेकडच्या क्रिस्तियानसानमधल्या मुलीलाही तो शिकायचा आहे आणि उत्तरेकडच्या आल्टातल्या मुलालाही.

आपल्या घरांपुरतं आणखी एक सांगते. आपण इथे स्थलांतरित म्हणून आलो. या देशात अल्पसंख्य असणं म्हणजे काय, हे आपल्या मुलांना घरी कळतंच. पण इथले सर्वांत जुने अल्पसंख्य कोण आणि त्यांच्याशी कसं वागलं गेलं, हे माहीत नसलं तर हा देश त्यांना अर्धाच कळेल.

अभ्यासक्रमात हे कुठे कुठे येतं?

आठवी ते दहावीच्या समाजशास्त्रात सामींवर लादलेल्या नॉर्वेजियनीकरणाच्या धोरणाची आणि त्याच्या परिणामांची मांडणी करता येणं अपेक्षित आहे. धर्माच्या विषयात सामी श्रद्धा आणि सामी ख्रिस्ती परंपरा येतात. भाषेच्या तासाला सामी साहित्य येतं, संगीतात योइक, म्हणजे सामींचं पारंपरिक गाणं, येतो. सामी भागातल्या शाळांना याच तोडीचा पण स्वतंत्र सामी अभ्यासक्रम आहे. असा पहिला अभ्यासक्रम १९९७ साली आला. करास्योक आणि कौटोकेइनो इथे सामी उच्च माध्यमिक शाळा आहेत, आणि कौटोकेइनोत १९८९ पासून सामी महाविद्यालय आहे. शिक्षक तिथे तयार होतात.

स्वीडनमध्ये किरुना, कारेसुआंदो, येल्लिवारे, यॉकमॉक आणि तार्नाबी इथे सरकारी सामी शाळा आहेत. त्या सहावीपर्यंतच असल्याने माध्यमिक वयात मुलांना साध्या शाळेत जावं लागतं, आणि भाषेची साखळी नेमकी तिथेच तुटण्याचा धोका असतो. फिनलंडमध्ये इनारी हे सामी शिक्षणाचं केंद्र आहे.

कागदावर सगळं नीट आहे. अडचण वेळेची आणि शिक्षकांच्या तयारीची आहे. आजचे अनेक शिक्षक ज्या शाळांत शिकले, तिथे त्यांना सामींबद्दल जवळजवळ काहीच शिकवलं गेलं नव्हतं.

सामींचा जुना धर्म कसा होता?

एक ग्रंथ, एक संस्थापक असा हा धर्म नव्हता, आणि प्रदेशागणिक तो वेगळा होता. डोंगर, तळी, विशिष्ट आकाराचे खडक पवित्र मानले जात. अशा खडकाला सिएइदी म्हणतात. त्याच्यापाशी रेनडिअरची शिंगं, माशाची चरबी अर्पण करत. अस्वलाची शिकार विधिपूर्वक होई आणि त्याची हाडं सन्मानाने पुरत. गर्भ, बाळंतपण आणि घर यांच्याशी निगडित देवी होत्या: मात्तारअह्का ही माता, आणि तिच्या मुली सारअह्का, युक्सअह्का, उक्सअह्का. सारअह्का चुलीपाशी राहते आणि बाळंतिणीला सांभाळते अशी श्रद्धा होती. बाळंतपणानंतर तिच्या नावाने लापशी खाल्ली जाई. हे वाचून मराठी मुलींना सटवाई आठवते, आणि आठवू द्यावी. फक्त दोन्ही एकच असं म्हणून मोकळं होऊ नये.

माणसांचं आणि आत्म्यांचं अशा दोन जगांमध्ये ये-जा करणारा माणूस म्हणजे नोआइदी. तो ढोलाच्या आणि योइकच्या साहाय्याने भावावस्थेत जाई, आजाऱ्याचा आत्मा परत आणी, हरवलेल्या गोष्टींचा माग काढी. ढोल घरोघरीही असत. त्यांच्या कातड्यावर आकृत्या रंगवलेल्या असत आणि त्यावर ठेवलेली चकती वाजवताना कुठे सरकते, त्यावरून कौल घेत.

शिकवताना मी एक गोष्ट पहिल्याच तासाला सांगते: यातलं बहुतेक लेखन मिशनरी, पाद्री आणि न्यायाधीश यांनी केलेलं आहे. ज्यांना हा धर्म मोडून काढायचा होता, त्यांच्याच कागदांतून तो आपल्यापर्यंत पोचला. नववीच्या मुलांना हे छान समजतं, आणि साधनं कशी तपासायची हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

हे प्रत्यक्ष उदाहरणाने कसं शिकवता येईल?

मी पोआला-आंदे या सामी माणसाचा ढोल घेते. डॅनिश-नॉर्वेजियन कागदपत्रांत त्याचं नाव अँडर्स पौल्सेन. १६९१ च्या डिसेंबरात नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडच्या फिनमार्कमध्ये त्याचा ढोल जप्त झाला आणि १६९२ साली वाड्सो इथे त्याच्यावर जादूटोण्याचा खटला चालला. तो अतिशय वृद्ध होता. न्यायालयात त्याने ढोलावरची एकेक आकृती दाखवून तिचा अर्थ सांगितला आणि तो नोंदवून ठेवला गेला. म्हणूनच हा ढोल इतका मोलाचा आहे: ढोलाच्या धन्याने स्वतः केलेलं असं स्पष्टीकरण फारच दुर्मीळ आहे.

आता वर्गात विचारायचं: त्याने सांगितलेल्या आकृत्यांत येशू आणि मारियाही आहेत. का? काही मुलं म्हणतात, जीव वाचवायला तो असं बोलला. काही म्हणतात, त्याच्या मनात दोन्ही धर्म खरंच एकत्र नांदत असतील. दोन्ही शक्यता वर्गात जिवंत ठेवाव्यात. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजवटीखाली होता, त्यामुळे निकाल कोपनहेगनहून यायचा होता. तो येण्यापूर्वीच, कोठडीत असताना, भान हरपलेल्या एका माणसाने झोपेत त्याचा खून केला.

ढोल डेन्मार्कला गेला आणि पुढे तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात राहिला. १९७९ साली तो करास्योकच्या सामी संग्रहालयाला उसना मिळाला. मालकी मात्र डेन्मार्कचीच होती. ती २०२२ साली सामींकडे आली. एवढ्या एका वस्तूतून धर्म, न्यायव्यवस्था, वसाहतवाद आणि आजचं राजकारण असे चार तास सहज होतात.

याच काळात सीमेपलीकडे स्वीडनमध्ये, अर्येप्लॉग इथे, लार्स निल्सन याला १६९३ साली जाळून मारण्यात आलं. त्याचा ढोल आणि लाकडी देवही त्याच्यासोबत जाळले. पुढे थोमास फॉन वेस्टेन या मिशनरीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कितीतरी ढोल गोळा केले. ते कोपनहेगनला पाठवले गेले आणि १७२८ च्या आगीत गेले. जुने ढोल आज जगात मोजकेच, सत्तरच्या आसपास उरले आहेत.

आज सामींचा धर्म कोणता?

बहुसंख्य सामी ख्रिस्ती आहेत, बहुतेक लुथरन. स्कोल्ट सामी ऑर्थोडॉक्स आहेत. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा पेत्सामो प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला आणि त्यांना फिनलंडमध्ये सेवेत्तियार्वी परिसरात नव्याने घरं करावी लागली. चर्च त्यांच्यासोबत आलं.

सामी ख्रिस्ती जीवनावर सर्वांत मोठा ठसा लार्स लेवी लेस्तादियस यांचा आहे. १८०० ते १८६१ हा त्यांचा काळ. ते स्वीडनच्या उत्तरेत पाद्री होते, नावाजलेले वनस्पतितज्ज्ञ होते, सामी वंशाचे होते, आणि दारूविरुद्ध आग ओकत. त्यांनी सामी आणि फिनिश भाषांत प्रवचनं केली. सभा घराघरांत भरत. पुढे शाळेने सामी भाषा हद्दपार केली, तेव्हा लेस्तादियन सभांमध्ये ती टिकून राहिली. दुसरीकडे याच चळवळीत योइकला पाप मानलं गेलं. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात.

१८५२ साली कौटोकेइनोत लेस्तादियन विचारांनी भारलेल्या सामींच्या एका गटाने उठाव केला. व्यापारी आणि लेन्समन, म्हणजे स्थानिक पोलीस अधिकारी, मारले गेले. १८५४ साली अस्लाक हेत्ता आणि मोन्स सोम्बी यांचा शिरच्छेद झाला. त्यांच्या कवट्या राजधानीच्या विद्यापीठात नेल्या गेल्या. १९९७ साली त्या परत मिळाल्या आणि त्यांचं दफन झालं.

शिवाय आज काही सामी जुन्या परंपरांकडे नव्याने वळले आहेत, काही कोणताच धर्म मानत नाहीत. "सामी धर्म" हा धडा फक्त नोआइदी आणि ढोलावर थांबला, तर मुलांचा समज होतो की सामी म्हणजे भूतकाळ.

वर्गात ढोल बनवायला किंवा योइक गायला लावावं का?

योइक ऐकवावा, जरूर ऐकवावा. मारी बोइने आणि निल्स-अस्लाक वाल्केआपा यांच्यासारख्या कलाकारांनी तो जगभर नेला. वाल्केआपा यांनी १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकच्या उद्घाटनात योइक सादर केला. जी गोष्ट एके काळी काही शाळांमध्ये तोंडातून काढायची सोय नव्हती, ती सगळ्या देशासमोर झाली. एवढा संदर्भ देऊन ऐकवला की वर्ग शांत होतो.

कुणा व्यक्तीचा योइक त्या व्यक्तीचा असतो, बाळाला तो भेट म्हणूनही मिळतो. म्हणून कोणाचाही योइक उचलून वर्गात गाऊन घेणं बरं नाही. ढोलाबाबत तर मी ठाम आहे. पुठ्ठ्याचा ढोल करून त्यावर मनाला येतील त्या आकृत्या रंगवणं हा हस्तकलेचा तास होऊ नये. ज्या वस्तूसाठी माणसं जाळली गेली, तिची खेळणी करू नयेत. त्याऐवजी दुओदजी, म्हणजे सामी हस्तकला, शिकवणाऱ्या सामी कारागिराला बोलवावं. विणलेल्या पट्ट्या, कथिलाच्या तारेचं भरतकाम, लाकडी पेला यांतलं काहीही त्यांच्या देखरेखीखाली शिकता येतं. सहलीला गेलात आणि सिएइदी दिसला तर हात लावू नका, दगड रचू नका. नॉर्वेत १९१७ किंवा त्याआधीच्या सामी स्थळांना कायद्याने आपोआप संरक्षण आहे.

आम्ही हिंदू आहोत. धर्माच्या या तासातून मुलाला सूट मागता येईल का?

ज्या कृती तुम्हाला दुसऱ्या धर्माचं आचरण वाटतात, उदाहरणार्थ चर्चमधली उपासना, त्यातून सूट मागता येते. मूल पंधरा वर्षांचं झालं की तो निर्णय त्याचा स्वतःचा. विषयाच्या माहितीतून मात्र सूट नाही. सामी श्रद्धा समजून घेणं हे ज्ञान आहे, उपासना नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००७ साली नॉर्वेच्या धर्मशिक्षणाविरुद्ध निकाल दिला होता, कारण तो विषय तेव्हा ख्रिस्ती धर्माकडे फार झुकलेला होता. त्यानंतर त्यात बदल झाले. पालक म्हणून हे माहीत असावं. पण सामी धड्यासाठी सूट मागण्याची गरज मला कधी दिसली नाही.

शाळांनी सामी मुलांवर अन्याय केला असं पुस्तकात आहे. नेमकं काय झालं?

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. साधारण १८५० पासून शंभराहून अधिक वर्षं नॉर्वेच्या सरकारने सामी आणि क्वेन, म्हणजे फिनिश वंशाच्या, लोकांना नॉर्वेजियन करण्याचं धोरण राबवलं आणि त्याचं मुख्य हत्यार होतं शाळा. १८८० च्या आदेशाने शिक्षकांवर नॉर्वेजियन शिकवण्याची सक्ती आली. १८९८ च्या आदेशाने वर्गात सामीचा वापर आणखी आवळला. मुलांनी मधल्या सुट्टीतही आपली भाषा बोलू नये याकडे लक्ष ठेवलं जाई. १९०२ च्या कायद्यानंतर फिनमार्कमध्ये सरकारी जमीन घ्यायची तर नॉर्वेजियन भाषा येणं ही अट झाली. १९०५ पासून सरकारी निवासी शाळा उभ्या राहू लागल्या.

सात वर्षांच्या मुलाचा विचार करा. ते घरापासून लांब वसतिगृहात आलं आहे. शिक्षक, स्वयंपाकघर, नियम, पुस्तक सगळं परक्या भाषेत आहे. लघवीला जायचं आहे हेही सांगता येत नाही. वर्षानुवर्षं असं गेल्यावर ही मुलं मोठी झाली आणि त्यांनी आपल्या मुलांशी सामीत न बोलण्याचं ठरवलं, कारण आपण सोसलं ते त्यांना सोसावं लागू नये. किनारपट्टीवर दोन पिढ्यांत भाषा गेली. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क जाळलं, तेव्हा घरं, कपडे, वस्तू हेही गेलं. प्राथमिक वर्गात सामीतून शिकवायला सुरुवात झाली ती १९६७ मध्ये.

स्वीडनने उलट वाट घेतली. १९१३ च्या कायद्याने रेनडिअरपालक सामींच्या मुलांसाठी वेगळ्या भटक्या शाळा आल्या, कारण या मुलांना सुखसोयींची सवय लागली तर ती कळपामागे जाणार नाहीत असं राज्यकर्त्यांचं मत होतं. त्यांना कमी दर्जाचं शिक्षण मिळालं, आणि रेनडिअर न पाळणाऱ्या सामींना सरळ स्वीडिश गणलं गेलं. १९२२ साली उप्सालात सरकारी वंशजीवशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे लोक सामींची डोकी मोजत, फोटो काढत. त्या फोटोंत शाळकरी मुलंही आहेत. जमा केलेल्या सामी कवट्या अजून परत येत आहेत. २०१९ साली लिक्सेलेत पंचवीस जणांचे अवशेष पुन्हा पुरले गेले.

नॉर्वेच्या संसदेने नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगाने १ जून २०२३ रोजी अहवाल दिला. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी संसदेने औपचारिक माफी मागितली. आठवीतल्या मुलांच्या डोळ्यांदेखत घडलेली ही गोष्ट आहे.

इतकं क्लेशकारक त्या वयात झेपेल का?

झेपतं. सामी मुलांना सातव्या वर्षी ते झेलावं लागलं, तर चौदाव्या वर्षी वाचणं अवघड नाही. अट एकच: फक्त दुःख सांगून थांबू नका. प्रतिकारही शिकवा. एल्सा लाउला रेनबर्ग ही दक्षिण सामी सुईण होती. तिच्या पुढाकाराने ६ फेब्रुवारी १९१७ रोजी त्रोन्हाइममध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंचे सामी पहिल्यांदा एकत्र जमले. इसाक साबा हे शिक्षक १९०६ साली नॉर्वेच्या संसदेवर निवडून गेले. सामी राष्ट्रगीताचे शब्द त्यांचेच.

आल्टाचं आंदोलन शिकवताना काय सांगावं?

आल्टा-कौटोकेइनो नदीवर धरण ठरलं. मूळ आराखड्यात मासी हे सामी गावच पाण्याखाली जाणार होतं. १९७९ च्या ऑक्टोबरात तरुण सामींनी ओस्लोत संसदेसमोर लाव्वू, म्हणजे तंबू, ठोकून उपोषण केलं. १९८१ च्या जानेवारीत सुमारे ६०० पोलिसांनी कडाक्याच्या थंडीत स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलेल्या आंदोलकांना उचललं. धरण झालं, लहान आकाराचं, १९८७ मध्ये. तरी या हरलेल्या लढ्यानंतर सगळं बदललं: १९८९ साली करास्योकला सामी संसद उघडली, १९९० साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आदिवासी हक्कांचा १६९ क्रमांकाचा करार मंजूर करणारा नॉर्वे पहिला देश ठरला, २००५ साली जमिनीच्या हक्कांविषयीचा फिनमार्क कायदा आला. नर्मदेच्या खोऱ्यातला, नंदुरबारच्या गावांचा लढा ज्या घरांत ठाऊक आहे, तिथे हा धडा फार समजावून सांगावा लागत नाही.

पुढचा भाग म्हणून मध्य नॉर्वेतलं फोसेन घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०२१ रोजी निकाल दिला, की फोसेनच्या पवनचक्क्यांचे परवाने दक्षिण सामी रेनडिअरपालकांच्या सांस्कृतिक हक्काचा भंग करतात. पवनचक्क्या फिरतच राहिल्या. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा, २०२३ मध्ये, सामी तरुणांनी ओस्लोत मंत्रालयाचे दरवाजे अडवले. हरित ऊर्जा आणि मूळ रहिवाशांचा हक्क यांत कोणाची बाजू घ्यायची, यावर दहावीचा वर्ग तासभर भांडतो. भांडू द्या.

विज्ञानाच्या तासाला सामी विषय येऊ शकतो का?

येतो, आणि ओढूनताणून नाही. १९८६ च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलची दुर्घटना झाली आणि पावसासोबत सीझियम-१३७ मध्य नॉर्वे-स्वीडनच्या डोंगरांवर उतरलं. रेनडिअर हिवाळ्यात दगडफूल, म्हणजे लायकेन, खातात. त्याला मुळं नसतात, ते सगळं हवेतून आणि पावसातून शोषतं. त्यामुळे दक्षिण सामींच्या कळपांत किरणोत्सर्ग प्रचंड वाढला आणि मांस फेकून द्यावं लागलं. नॉर्वेने रेनडिअरच्या मांसासाठी मर्यादा किलोला ६००० बेकेरेलपर्यंत (बेकेरेल हे किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) वाढवली. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचं. अन्नसाखळी, किरणोत्सर्ग आणि एका समाजाची उपजीविका एकाच तासात शिकवता येते. हवामानबदलाचंही तसंच: हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडून गोठला की कठीण थर तयार होतो आणि खालचं लायकेन रेनडिअरला खणून काढता येत नाही. कळप उपाशी राहतात.

वर्गात एखादं सामी मूल असेल तर शिक्षकाने काय करावं?

त्याला "तू सांग ना, तुमच्यात काय करतात?" असं सगळ्यांसमोर विचारू नये. आपल्या मुलांना दिवाळीत हेच विचारतात आणि ती कशी अवघडतात, हे आपण पाहतो. आधी एकांतात विचारावं. बोलायचं असेल तर जागा द्यावी, नसेल तर विषय सोडावा. काही घरांत सामी असणं पिढीभर लपवलं गेलं आणि मुलाला ते नुकतंच कळलेलं असू शकतं. चेष्टा ऐकू आली तर त्याच क्षणी थांबवावी. उत्तरेत सामी नावांच्या पाट्यांवर बंदुकीच्या गोळ्या झाडल्या जातात, त्यामुळे वर्गातली चेष्टा किरकोळ मानू नये. 'लॅप' हा जुना शब्द अपमानकारक आहे, तो वापरू नये. मराठी पुस्तकांत अजून 'लॅप लोक' सापडतात, तिथेही दुरुस्त करावं.

नॉर्वेत उच्च माध्यमिक शाळांसाठी एक उत्तम सोय आहे. दरवर्षी काही सामी तरुण-तरुणींना 'सामी वाटाडे' म्हणून निवडतात आणि ते देशभर शाळांत जाऊन आपल्या वयाच्या मुलांशी बोलतात. मुलं त्यांना नि:संकोचपणे काहीही विचारतात. तुमच्या शाळेने त्यांना बोलावलं नसेल तर पालक म्हणून सुचवा.

६ फेब्रुवारीला शाळेत काय करावं?

हा सामींचा राष्ट्रीय दिवस, १९९३ पासून साजरा होतो. ध्वज लावा, राष्ट्रगीत ऐकवा, बिदोस म्हणजे रेनडिअरच्या मांसाचं कालवण करतात तेही चाखा. शाकाहारी मुलांसाठी वेगळी सोय मागायला संकोच करू नका. ध्वजावरचं वर्तुळ सूर्य आणि चंद्राचं आहे, आणि तो १९८६ साली स्वीकारला गेला. मात्र वर्षभराचा सामी विषय या एका दिवसात उरकला जात असेल, तर पालकसभेत विचारा.

महाराष्ट्रातल्या शाळेत हे शिकवण्यात काही अर्थ आहे का?

आहे, जर त्यातून आपल्याकडच्या शाळेकडे बघायला शिकता आलं तर. गोंडी, कोरकू, भिली बोलणारी मुलं आश्रमशाळेत येतात आणि पहिलीपासून मराठीत शिकतात. धोरण नॉर्वेसारखं नव्हतं, कायदेही वेगळे आहेत, आणि आश्रमशाळांमुळे अनेक मुलं शिकली हेही खरं. तरीही घरची भाषा वर्गात न सापडलेल्या मुलाची अवस्था दोन्हीकडे ओळखीची आहे. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतः उभी केली. ती आणि इनारीमधली 'भाषेची घरटी', जिथे १९९७ पासून लहान मुलांशी फक्त इनारी सामीत बोलतात आणि जिच्यामुळे मोजके भाषक उरलेली ती भाषा पुन्हा मुलांच्या तोंडी आली, या दोन्ही गोष्टी डीएडच्या विद्यार्थ्यांसमोर ठेवण्यासारख्या आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १०७ क्रमांकाचा जुना करार भारताने १९५८ साली मंजूर केला, १६९ मात्र अजून नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

मुलीला सामी भाषा शिकायची आहे. शिकता येईल का?

सामी मुलांना नॉर्वेत कुठेही सामी शिकण्याचा हक्क आहे. जवळ शिक्षक नसेल तर तास ऑनलाइन होतात. सामी भाषेच्या प्रशासकीय क्षेत्रातल्या नगरपालिकांत राहत असाल, तर तुमची मुलगी सामी नसली तरी तिला हा हक्क मिळतो. इतर ठिकाणी मुख्याध्यापकांकडे लेखी विचारणा करा. शाळेतून जमलं नाही तर प्रौढांसाठी आणि नवशिक्यांसाठी सामी केंद्रांचे वर्ग असतात. सुरुवात उत्तर सामीपासून करणं सोयीचं, कारण साहित्य, बातम्या आणि मुलांचे कार्यक्रम तिच्यात सर्वांत जास्त आहेत. आणि सुट्टीत जायचं असेल तर फेब्रुवारीतला यॉकमॉकचा बाजार निवडा. तो १६०५ पासून भरतो, गावातच आइत्ते हे सामी संग्रहालय आहे, आणि मुलीला शिकलेले चार शब्द तिथे कोणाशी तरी बोलून बघता येतील.